सतरा अंकी आकडा आणि गटाची वही



आजच्या गप्पांसाठी एक वही आणि पेन जवळ घ्या. पेन नसेल तर लेकराची पाटी चालेल, तीही नसेल तर अंगणातली माती आणि एक काडी पुरे. आज आपण एका खूप मोठ्या आकड्याची ओळख करून घेणार आहोत. थोडाथोडका नाही, चांगला सतरा अंकी आहे. त्याच्याशी खेळता खेळता एक युक्ती हाती लागेल, आणि ती युक्ती सरळ आपल्या बचत गटाच्या वहीत कामी येईल.

मोठा आकडा दिसला की आपल्यातल्या कितीतरी जणी कागद पुढे सरकवतात. "तूच वाच बाई, मला नाही जमत." आधार कार्डावर बारा अंक, मोबाइलचे दहा अंक, बँकेच्या पासबुकावर खाते क्रमांक, गॅसच्या पुस्तकावर ग्राहक क्रमांक, सोयाबीन विकलं की बाजार समितीची काटापट्टी. सगळीकडे आकडेच आकडे. ज्या बाईला मजुरीचा हिशेब तोंडपाठ असतो, किलोचा भाव सांगितला की क्विंटलचे पैसे जी लगेच सांगते, तीच बाई कागदावरचा लांब आकडा बघून मागे सरते. खरं सांगायचं तर मोठ्या आकड्यात वेगळं असं काही नसतं. तेच शून्य ते नऊ हे दहा अंक एका रांगेत बसलेले असतात.

आकडा कसा तयार होतो

चला, लिहायला घ्या. एक गुणिले एक किती? एक. आता अकरा गुणिले अकरा? एकशे एकवीस. एकशे अकरा गुणिले एकशे अकरा? आता कागदावर करून बघा. एकाखाली एक अशा ओळी मांडा.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
१११११ × १११११ = १२३४५४३२१

दिसलं का? आकडा एकेक पायरी चढत वर जातो आणि तशाच पायऱ्यांनी खाली उतरतो. उलटा वाचला तरी तोच, सुलटा वाचला तरी तोच. असंच पुढे जात नऊ वेळा एक लिहा आणि त्या आकड्याला त्यानेच गुणा. उत्तर येतं:

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

हाच आपला आजचा पाहुणा. त्याचे अंक मोजा, सतरा भरतील. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर तो १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ असा दिसतो. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती' ग्रंथात एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. त्यातल्या सतराव्या स्थानाला 'मध्य' म्हणतात. म्हणजे आपला पाहुणा परार्धाच्या फक्त एक पायरी अलीकडे उभा आहे.

असा पायऱ्यांचा आकडा का तयार होतो? एकशे अकराचा गुणाकार मांडून बघितला की लगेच कळतं. गुणाकार करताना आपण एकाखाली एक ओळी लिहितो आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवतो. तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन एक. आता उजवीकडून उभी बेरीज करा. पहिल्या घरात एकच एक येतो. दुसऱ्या घरात दोन एक जमतात. मधल्या घरात तिन्ही ओळींचे एक जमतात, म्हणून तिथे तीन. मग परत दोन, परत एक. विटा रचताना मधला ढीग उंच आणि बाजूचे उतरते असावेत, तसं हे आहे.

नऊ एक घेतले की नऊ ओळी होतात आणि मधल्या घरात नऊ जमतात. तिथपर्यंत हातचा घ्यावा लागत नाही, म्हणून पायऱ्या नीट राहतात. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा जमतात, हातचा शेजारच्या घरात जातो आणि पायऱ्या विस्कटतात. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असं येतं. म्हणून अशा आकड्यांच्या रांगेत हातच्याशिवाय बसणारा आपला सतरा अंकीच सगळ्यात मोठा.

हे आकडे कोणी जमवले

या जातीच्या आकड्यांना 'डेमलो संख्या' म्हणतात. नाव ऐकून वाटेल कोणी परदेशी माणूस असावा. तसं नाही. डेमलो हे मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनचं नाव होतं, आज आपण त्याला डोंबिवली म्हणतो. तिथे असताना ज्यांच्या डोक्यात या आकड्यांचा विचार आला ते आपल्याच महाराष्ट्रातले एक शाळामास्तर होते. त्यांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकर गुरुजींचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यापुढे गणिताचं मोठं शिक्षण त्यांनी घेतलं नाही. नाशिकजवळच्या देवळालीला ते शाळेत शिकवायला लागले आणि १९६२ साली तिथूनच निवृत्त झाले. नोकरी मास्तरकीची, पण रिकामा वेळ सगळा आकड्यांसाठी. कागदावर आकडे मांडायचे, उलटे करायचे, बेरजा करायच्या, वजाबाक्या करायच्या आणि त्यात काही नियम दिसतो का ते बघायचं.

त्यांच्या या उद्योगाला बरेच मोठे लोक फार किंमत देत नव्हते. हे कसलं गणित, हा तर खेळ, असं त्यांना वाटे. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर नावाच्या अमेरिकेतल्या प्रसिद्ध लेखकाने आपल्या गणिताच्या सदरात कापरेकरांच्या आकड्यांबद्दल लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर गेलं. १९८६ साली गुरुजी वारले. आज 'कापरेकर स्थिरांक' या नावाने त्यांचा एक आकडा जगभरातल्या मुलांना ठाऊक आहे. तोही आपण पुढे करून बघणार आहोत.

अंकांची बेरीज काय सांगते

आता आपल्या सतरा अंकी पाहुण्याच्या अंकांची बेरीज करा. एक अधिक दोन अधिक तीन असं नऊपर्यंत गेलं की पंचेचाळीस होतात. तिथून उतरताना आठ ते एक, छत्तीस होतात. पंचेचाळीस आणि छत्तीस मिळून एक्क्याऐंशी. म्हणजे नऊ नव्वे एक्क्याऐंशी! हा योगायोग नाही. गुणाकाराच्या मांडणीत नऊ ओळी होत्या, प्रत्येक ओळीत नऊ एक होते, म्हणजे एकूण एक्क्याऐंशी एक. हातचा कुठेच गेला नाही, म्हणून तेवढेच उत्तराच्या अंकांत उतरले.

आणखी गंमत बघा. या सतरा अंकी आकड्याला एक्क्याऐंशीने भाग दिला तर बाकी काहीच उरत नाही. कारण नऊ एकांच्या आकड्याला, म्हणजे १११११११११ ला, नऊने पूर्ण भाग जातो आणि उत्तर १२३४५६७९ येतं. यात आठ मात्र गायब असतो! एका आकड्याला नऊने भाग जातो, तर त्याला त्यानेच गुणल्यावर येणाऱ्या आकड्याला नऊ नव्वे एक्क्याऐंशीने भाग जाणारच.

ज्या आकड्याला त्याच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, त्याला कापरेकर गुरुजींनी 'हर्षद संख्या' असं सुंदर नाव दिलं. हर्षद म्हणजे आनंद देणारी. अठरा ही हर्षद संख्या आहे, कारण एक आणि आठ नऊ, आणि अठराला नऊने भाग जातो. बारा पण आहे. एक आणि दोन तीन, बाराला तीनने भाग जातो. तेरा मात्र नाही. घरी मुलांना सांगा, शंभरापर्यंतच्या हर्षद संख्या शोधा म्हणून. एक संध्याकाळ मोबाइल बाजूला राहील.

नऊ जणी आणि एक रुपया

आता मुद्द्याची गोष्ट. आकड्याला नऊने भाग जातो की नाही हे भागाकार न करता कसं कळतं? अंकांची बेरीज करायची. बेरजेला नऊने भाग गेला तर आकड्यालाही जातो. हे शाळेत शिकवतात, पण असं का होतं ते फारसं कोणी सांगत नाही. आपण पैशांच्या भाषेत समजून घेऊ.

समजा नऊ जणी गोल करून बसल्या आहेत. मध्ये दहाची एक नोट आहे. सुट्टे करून सगळ्यांना सारखे वाटायचे. प्रत्येकीला एक रुपया गेला, उरला एक रुपया. आता शंभराची नोट घ्या. प्रत्येकीला अकरा रुपये, नऊ अकरे नव्व्याण्णव, उरला एक रुपया. हजार रुपये घेतले तर प्रत्येकीला एकशे अकरा, नऊशे नव्व्याण्णव गेले, उरला एक रुपया. म्हणजे दहा असो, शंभर असो की हजार असो, नऊ जणींत वाटल्यावर दर वेळी एकच रुपया उरतो.

आता २,७४० रुपये वाटू. दोन हजारांतून दोन रुपये उरले. सात शंभरांतून सात उरले. चार दहांतून चार उरले. सुट्टा रुपया एकही नाही. उरलेले एकूण दोन, सात आणि चार, म्हणजे तेरा. नीट बघा, ही तर आपल्या आकड्याच्या अंकांचीच बेरीज झाली! तेरातून आणखी एकेक रुपया वाटला, नऊ गेले, शेवटी चार उरले.

आता तेच अंक जागा बदलून लिहा. २,७४० ऐवजी २,४७०. उरणारे किती? दोन, चार आणि सात, पुन्हा तेरा, शेवटी पुन्हा चार. अंक तेच असल्यामुळे ते कुठेही बसवले तरी उरणारे रुपये तेवढेच. आणि दोन्ही रकमांतून सारखेच उरत असतील, तर मोठीतून लहान वजा केल्यावर उरणारं काही राहतच नाही. मग त्या फरकाला नऊने पूर्ण भाग जायलाच पाहिजे. २,७४० वजा २,४७० म्हणजे २७०. दोन आणि सात नऊ. नऊ त्रीक सत्तावीस, म्हणजे नऊ गुणिले तीस.

एवढं एक वाक्य आजच्या कार्यक्रमातून लक्षात ठेवा: तेच अंक जागा बदलून लिहिले, तर दोन आकड्यांतल्या फरकाला नऊने नेहमी पूर्ण भाग जातो.

कापरेकर गुरुजींचा सगळ्यात प्रसिद्ध आकडा याच वाटेवर भेटतो. कोणताही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नसावेत. त्या अंकांपासून मोठ्यात मोठा आकडा करा आणि लहानात लहान करा. मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा तसंच करा. आपलाच २,७४० घेऊ:

७४२० − ०२४७ = ७१७३
७७३१ − १३७७ = ६३५४
६५४३ − ३४५६ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

आता ६१७४ ला तसंच करा: ७६४१ − १४६७ = ६१७४. गाडी तिथेच थांबली! आकडा कोणताही घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तो ६१७४ वर येतोच. गुरुजींनी १९४९ साली हे लोकांपुढे मांडलं. प्रत्येक पायरीच्या उत्तराची अंकांची बेरीज करून बघा. वरच्या पाचही उत्तरांची बेरीज अठराच येते. नऊचा नियम इथेही आपलं काम करतो आहे. वजाबाकी चुकली असेल तर ही बेरीज बहुतेक वेळा लगेच सांगते.

वहीत दोनशे सत्तर रुपये कमी

आता बचत गटाकडे येऊ. आमच्या भागातल्या एका गटातली ही गोष्ट आहे. गावाचं आणि कोणाचं नाव सांगत नाही. महिन्याची सभा होती. वहीप्रमाणे जेवढी रोख हवी त्यापेक्षा पेटीत २७० रुपये कमी भरले. दोनदा मोजले, तीनदा मोजले, कमीच. पेटी सचिव ताईच्या घरी असायची. कोणी तोंडावर काही बोललं नाही, पण एका कोपऱ्यातून आवाज आला, "पैशाले काय पाय फुटले?" एवढं पुरे असतं. त्या ताईने मान खाली घातली आणि म्हणाली, "जाऊ द्या, निंदणीचे पैसे आले की मी भरून टाकते."

मैत्रिणींनो, दोनशे सत्तर रुपये म्हणजे कष्टाची मजुरी आहे. आणि पैसे भरून शंका मिटत नाही. उलट लोक म्हणतात, भरले म्हणजे घेतलेच असतील. गट अशाने फुटतात. वर्षानुवर्षं पै-पै जमवून उभा केलेला गट एका संध्याकाळी मोडू शकतो.

त्या सभेत पैसे भरू दिले नाहीत. आधी फरक बघितला. २७०, अंकांची बेरीज नऊ. म्हणजे कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता आहे. मग त्या महिन्याच्या फक्त अशा नोंदी पाहिल्या, ज्यांच्या शतकाच्या आणि दशकाच्या अंकांत तीनचा फरक आहे. चौथ्याच नोंदीवर बोट थांबलं. एका सदस्य ताईने हप्ता आणि व्याज मिळून २,४७० रुपये भरले होते. तिच्या वैयक्तिक पासबुकात २,४७० बरोबर होते, गटाच्या वहीत मात्र २,७४० लिहिले गेले होते. पेटीतले पैसे बरोबरच होते. वहीत चुकीच्या नोंदीवर एक रेघ मारली, बाजूला बरोबर आकडा लिहिला, अध्यक्ष आणि सचिवांनी सही केली आणि ठराव वहीत तशी नोंद घेतली.

फरक कुठे शोधायचा

हे आता तुम्ही स्वतः करू शकता. वही आणि रोख जुळत नसेल तर आधी फरक लिहा आणि त्याच्या अंकांची बेरीज करा.

पहिली गोष्ट. फरक नऊच्या पाढ्यातला असेल, म्हणजे ९, १८, २७ पासून ८१ पर्यंत, तर एकक आणि दशकाची अदलाबदल शोधा. ६४ च्या जागी ४६ लिहिलं तर फरक १८ येतो. नऊ दुणे अठरा, आणि सहा व चार यांत फरकही दोनच.

दुसरी गोष्ट. फरक ९०, १८०, २७० पासून ८१० पर्यंत असेल तर दशक आणि शतकाची अदलाबदल शोधा. फरकाला नव्वदने भागा. जे उत्तर येईल तेवढाच फरक त्या दोन अंकांत असतो. २७० भागिले ९० म्हणजे तीन, आणि सात व चार यांत फरक तीन.

तिसरी गोष्ट. फरक ९००, १,८०० असा ८,१०० पर्यंत असेल तर शतक आणि हजाराची अदलाबदल शोधा.

चौथी गोष्ट. कधी शून्य सुटतं किंवा जास्त पडतं. ५०० च्या जागी ५० लिहिले की फरक ४५०. यालाही नऊने भाग जातो आणि उत्तर येतं ५०, म्हणजे नेमकी ती चुकलेली लहान रक्कम. म्हणून ४५० चा फरक आला तर शतक-दशकाची अदलाबदलही बघा आणि शून्याची चूकही बघा.

पाचवी गोष्ट. फरकाला नऊने भाग जात नसेल तर अदलाबदल हे एकटं कारण नाही. मग फरकाएवढीच एखादी नोंद लिहायची राहून गेली का ते बघा. तेही नसेल तर फरकाचं निम्मं करा. १५० रुपये प्रवास खर्च चुकून जमेच्या बाजूला लिहिला तर फरक ३०० चा येतो. निम्मं केलं की १५० ची नोंद सापडते.

आता दोन गोष्टी स्पष्ट सांगते. नऊने भाग गेला म्हणजे अदलाबदल झालीच असं नाही. कोणी खरोखर ९० रुपये द्यायची राहिली असेल तरी फरक ९० च येणार. ही युक्ती फक्त आधी कुठे बघायचं ते सांगते. शेवटचा पुरावा वैयक्तिक पासबुक, पावती आणि बँकेचं पासबुक हाच. आणि शोधूनही चूक सापडली नाही तर ते झाकून ठेवायचं नाही. सभेत सगळ्यांसमोर वाचायचं आणि ठराव वहीत लिहायचं. पण माणसावर संशय घेण्याआधी आकड्याला विचारायला दोन मिनिटं लागतात.

बेरीज तपासायची असेल तर

नऊ जणींत वाटून उरणाऱ्या रुपयांनी पानाची बेरीजही तपासता येते. समजा चार जमा रकमा आहेत:

१,२५० + २,४७० + ८६० + ३३५ = ४,९१५

प्रत्येक रकमेच्या अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करा. १,२५० चे आठ. २,४७० चे तेरा, म्हणजे एक आणि तीन चार. ८६० चे चौदा, म्हणजे पाच. ३३५ चे अकरा, म्हणजे दोन. आठ, चार, पाच आणि दोन मिळून एकोणीस. एक आणि नऊ दहा, एक आणि शून्य एक. आता उत्तराचं बघा. ४,९१५ चे चार, नऊ, एक आणि पाच, एकोणीस, म्हणजे शेवटी एक. दोन्हीकडे एकच आला, बेरीज जुळली. दोन्हीकडे वेगळे अंक आले तर बेरीज नक्की चुकली आहे, पुन्हा करा.

पण या तपासणीला एक चूक दिसत नाही. कोणती ते आता तुम्हीच सांगाल. अंकांची अदलाबदल! ४,९१५ च्या जागी ४,९५१ लिहिलं तरी अंकांची बेरीज एकोणीसच येते. म्हणून ही तपासणी आणि फरकाची तपासणी, दोन्ही ठाऊक असल्या पाहिजेत.

आधारचा बारावा अंक

अदलाबदलीची चूक जगभर सगळीकडे होते. म्हणून आपल्या आधार क्रमांकात एक पहारेकरी बसवलेला आहे. बारा अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून हिशेब करून ठरवतात. नेदरलँड्सचे गणिती याकोबस व्हेरहोफ यांनी १९६९ साली काढलेली ही पद्धत आहे. फॉर्म भरताना एक अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक मागेपुढे झाले, तर शेवटचा अंक जुळत नाही आणि संगणक क्रमांक चुकल्याचं ओळखू शकतो. साध्या अंकांच्या बेरजेला अदलाबदल कळत नाही, म्हणून त्यांनी वेगळा हिशेब वापरला. आणखी एक, आधार क्रमांक कधीही शून्याने किंवा एकाने सुरू होत नाही.

मोबाइल नंबरात मात्र असा पहारेकरी नाही. एक अंक मागेपुढे झाला तर तो दुसऱ्या कोणाचा तरी खराखुरा नंबर असू शकतो आणि रिचार्ज तिकडे जाऊ शकतो. खाते क्रमांकाच्या बाबतीतही तीच काळजी घ्या. पैसे पाठवताना क्रमांक दोनदा लिहायला लावतात ते याचसाठी. दुसऱ्यांदा लिहिताना पहिल्याकडे बघून लिहू नका, पासबुक बघूनच लिहा. लांब आकडा तीन-तीन किंवा चार-चार अंकांचे तुकडे करून मोठ्याने वाचा. एकीने वाचायचं, दुसरीने बोट ठेवून बघायचं. आणि हो, आपले क्रमांक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी फोनवर कोणाला सांगायचा नाही.

पुढच्या सभेसाठी एक काम देते. सभा संपली की दहा मिनिटं थांबा. प्रत्येकीने आपल्या आवडीचा एक चार अंकी आकडा घ्यायचा. कोणी आपल्या लेकीच्या जन्माचं साल घेईल, कोणी मोबाइल नंबरचे शेवटचे चार अंक. सगळ्यांनी ६१७४ पर्यंत पोचायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अंक सांगायचे, शेजारणीने लिहायचे, वजाबाकी दोघींनी मिळून करायची. मग वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला फरक शोधायच्या वरच्या पाच गोष्टी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे सचिव बदलली तरी त्या तिथे राहतील.

कोणत्या आकड्याला किती पायऱ्या लागल्या ते आम्हाला पत्राने कळवा. मानोरा, कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव, रिसोड, वाशिम, सगळ्या तालुक्यांतल्या गटांच्या पत्रांची वाट बघते. नमस्कार.